कॅज्युअल्टीच्या दाराआधी

१४ नोव्हेंबर हा दिवस आपल्या देशाला बालदिन म्हणून ठाऊक आहे. जगाच्या दिनदर्शिकेत तो मधुमेह दिनही आहे. इन्सुलिनच्या शोधाशी ज्याचे नाव जोडले गेले, त्या फ्रेडरिक बँटिंगचा तो जन्मदिवस. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २००६ मध्ये ठराव करून या दिनाला मान्यता दिली. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी गावोगावी फेऱ्या निघतात, इमारतींवर निळे दिवे लागतात, मोफत तपासणीची शिबिरे भरतात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत डॉक्टरांच्या मुलाखती येतात. १५ नोव्हेंबरला सारे शांत होते. ज्यांच्या बोटातून आदल्या दिवशी रक्ताचा थेंब घेतला, त्यांपैकी किती जण पुढे डॉक्टरकडे गेले, किती जणांनी तो कागद घडी घालून कपाटात ठेवला आणि किती जण काही वर्षांनी स्ट्रेचरवरून थेट रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोहोचले, याचा पाठपुरावा बहुतेक ठिकाणी होत नाही. शिबिराचे छायाचित्र मात्र जपून ठेवले जाते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यावरून २०११ मध्ये जो अंदाज बांधला गेला होता, तो ६ कोटी २४ लाखांचा होता. शहरी भागातील प्रमाण १६.४ टक्के, म्हणजे सहा प्रौढांमागे एक. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. तेव्हा आपल्या राज्यात मधुमेहींचे प्रमाण ८.४ टक्के आणि उंबरठ्यावरच्यांचे १२.८ टक्के आढळले होते. घरात शिरलेल्यांपेक्षा दारात उभे असलेले अधिक, असा त्याचा सरळ अर्थ. दारात उभ्या असलेल्याला परत फिरवता येते, हीच या साऱ्या आकडेवारीतील एकमेव दिलासा देणारी गोष्ट आहे आणि नेमके तिच्याकडेच समाजाचे आणि शासनाचे लक्ष सर्वांत कमी आहे.

नवी मुंबईसारख्या शहरात हे दुर्लक्ष अधिकच खुपते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले आणि १ जानेवारी १९९२ पासून दिघा ते बेलापूर या पट्ट्यात महापालिकेचा कारभार सुरू झाला. नियोजनबद्ध शहर म्हणून त्याचा लौकिक आहे. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०२० आणि २०२२ मध्ये ते देशात तिसरे आले. वाशी, नेरूळ, ऐरोली येथे पालिकेची रुग्णालये आहेत. नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, कामोठे या परिसरात न्यासांची, वैद्यकीय महाविद्यालयांची आणि बड्या कंपन्यांची रुग्णालये उभी आहेत. सायन-पनवेल महामार्गाने जाताना रात्रीच्या अंधारातही त्यांच्या पाट्या दुरून दिसतात. मुंबई महानगराच्या परिसरातील फार थोड्या भागांना इतक्या खाटा इतक्या जवळ लाभल्या आहेत. पण रुग्णालय जवळ असणे आणि आरोग्य जवळ असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मधुमेही माणूस कॅज्युअल्टीत येतो तो क्वचितच 'मधुमेह' हे नाव सांगत येतो. तो येतो बेशुद्ध होऊन, श्वास लागून किंवा पायाच्या काळ्या पडलेल्या बोटासह. अमेरिकेत २०२० या एका वर्षात ज्यांच्या निदानात मधुमेहाची नोंद होती अशा तातडीच्या विभागातील भेटी सुमारे १ कोटी ६८ लाख होत्या आणि रुग्णालयातून घरी सोडण्यात आलेल्या अशा रुग्णांची संख्या ७८ लाखांच्या वर होती. त्यातील अनेक लोक हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी, जंतुसंसर्गासाठी दाखल झाले होते. मधुमेह पाठीमागे उभा राहून दोर ओढत होता. अमेरिकेचे बाकी काही अनुकरणीय असो वा नसो, तिथे ही मोजदाद होते. आपल्याकडील अपघात विभागाच्या नोंदवहीत सामान्यतः समोर दिसणारे कारण लिहिले जाते. मग 'बेशुद्धी' या एका शब्दाखाली मद्यपी, अपस्माराचा रुग्ण आणि जेवण चुकलेला मधुमेही एकाच रांगेत बसतात.

यातले जेवण चुकण्याचे प्रकरण साधे वाटते. पण त्यातच अनेकांचा जीव टांगणीला लागतो. इन्सुलिन घेतले किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली आणि त्यानंतर जेवायला उशीर झाला, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, माणूस चिडतो, असंबद्ध बरळतो. हार्बरच्या गाडीत हे घडले तर भोवतीचे प्रवासी 'प्यायलेला दिसतो' म्हणून दूर सरकतात. घरात वृद्ध सासूबाईंच्या बाबतीत घडले तर 'वयाचा परिणाम' म्हणून त्यांना झोपवले जाते, आणि ती झोप जीवघेणी ठरू शकते. शुद्धीवर असलेल्या अशा व्यक्तीला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच देणे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे आणि सावरल्यावर थोडे जेवू घालणे, एवढे ज्ञान घराघरात असायला हवे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून १०८ ला बोलावणे हेच योग्य. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. काही गोळ्यांचा परिणाम दिवसभर, मूत्रपिंड अशक्त असल्यास त्याहूनही अधिक काळ टिकतो. म्हणून साखरपाण्याने डोळे उघडलेल्या आजोबांना 'आता बरे वाटतेय' म्हणून एकटे सोडणे धोक्याचे असते. संध्याकाळी सावरलेला रुग्ण मध्यरात्री पुन्हा कोसळू शकतो.

दुसरा फसवा प्रकार हृदयाचा. दीर्घकाळच्या मधुमेहाने नसांची संवेदना बोथट होते, त्यामुळे हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येईलच असे नाही. नुसता घाम, दम, मळमळ, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता. मराठी घरात अशा वेळी पहिला उद्गार ठरलेला असतो: 'गॅस झाला असेल.' ओवा चावला जातो, सोडा प्यायला जातो, पाठ चोळली जाते आणि ज्या पहिल्या तासात रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवली तर हृदयाचा स्नायू वाचतो, तो तास स्वयंपाकघरात निघून जातो. मग रिक्षा शोधायची, आधी ओळखीच्या नर्सिंग होममध्ये जायचे, तिथून 'मोठ्या ठिकाणी न्या' म्हणून परत निघायचे. महाराष्ट्रात २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिकांनिशी १०८ ची सेवा सुरू झाली. तिच्यात डॉक्टर असतो. तरीही पांढरपेशा घरांत हा क्रमांक गरिबांसाठी आहे, अशी एक विचित्र समजूत आढळते.

आणि तिसरा पाय. बोथट नसांमुळे चपलेत शिरलेला खडा कळत नाही, नखाची जखम दुखत नाही. वैशाखात मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्या मधुमेही भाविकाच्या तळपायाला फोड येतात आणि ते त्याला घरी आल्यावर चादरीवरच्या डागामुळे समजतात. श्रद्धेचा अवमान न करता एवढे निश्चित सांगता येईल, की पायात मोजे घालून घातलेली प्रदक्षिणा कोणत्याही देवाला अमान्य नाही. रोज रात्री दोन मिनिटे पायाचे तळवे पाहणे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून किंवा नातवंडाला पाहायला सांगून पाहणे, याला एक पैसाही पडत नाही. त्याऐवजी महिनाभर हळद लावून घरगुती उपचार केलेली जखम जेव्हा शल्यचिकित्सकासमोर येते, तेव्हा प्रश्न बोट कापायचे की गुडघ्याखाली पाय, एवढाच उरलेला असतो.

ही सारी संकटे 'अचानक' आली असे कुटुंब सांगते. त्यांतले खरोखर अचानक असे फारच थोडे असते. त्यांच्या मागे पाच, दहा, पंधरा वर्षांचा इतिहास असतो आणि त्या इतिहासाची सुरुवात एका लाडक्या वाक्याने झालेली असते: 'शुगर बॉर्डरवर आहे.' उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी ५.७ ते ६.४ या टप्प्यात असली, की हे वाक्य उच्चारले जाते आणि जणू निर्दोष सुटल्याचा निकाल मिळाला अशा आनंदाने घरी पेढे आणले जातात! देशाच्या सीमेवर शत्रू दिसला तर राष्ट्र सज्ज होते. शरीराच्या सीमेवर तो दिसला तर आपण निश्चिंत होतो. वास्तविक याच टप्प्यावर काय साधता येते, याचे भक्कम पुरावे आहेत. अमेरिकेतील २००२ च्या गाजलेल्या चाचणीत आहार, व्यायाम आणि थोडे वजन घटवणे यांच्या बळावर मधुमेह जडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. त्याच चाचणीत गोळीने ३१ टक्के घट झाली. आपल्याच देशात चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जीवनशैली सुधारल्याने ही घट २८.५ टक्के दिसली. भारतीय शरीराशी झुंज अधिक कठीण आहे, पण ती जिंकता येते.

कठीण का, याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्य वेचले आहे. त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुणे जिल्ह्यातील गावांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. तरीही आपल्या कृश बाळाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून, असे त्यांना आढळले. आईच्या पोटात उपासमार सोसलेले हे शरीर पुढे सुबत्तेत शिरले की लवकर मोडते. 'मी तर सडपातळ आहे, मला कशाला होईल?' हा भ्रम इथे संपायला हवा. गर्भवतीच्या ताटात काय पडते, हा तिच्या बाळाच्या चाळिशीचा प्रश्न आहे.

नवी मुंबईच्या भूमीवर या शास्त्राचा जिवंत पुरावा पाहायचा असेल तर इथल्या मूळ गावांकडे पाहावे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणारा आगरी-कोळी समाज दिवसभर अंगमेहनत करणारा. जमीन गेली. हक्कासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघर्ष करावा लागला, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबारात हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग मोकळा झाला. या लढ्याने हक्काचा पैसा मिळवून दिला. पण पुनर्वसनाच्या कोणत्याही कागदावर एका प्रश्नाचा उल्लेख नव्हता. सकाळपासून चिखलात राबणारे शरीर एकाएकी बसते झाले तर त्याचे काय होईल? शेत गेले तसे शेतातले कष्टही गेले. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. दुसरीकडे वाशीच्या बाजार आवारातील माथाडी बांधव. त्यांच्या अंगाला श्रम आहेत, पण बाजार मध्यरात्रीनंतर जागा होतो. झोप उलटी, जेवण वेळीअवेळी, आणि इन्सुलिन घ्यायचे कधी हे सांगणारे डॉक्टरचे पत्रक मात्र नऊ ते पाच काम करणाऱ्या माणसासाठी लिहिलेले. ऐरोली-महापेच्या माहिती तंत्रज्ञान संकुलात अमेरिकेच्या घड्याळावर रात्र काढणाऱ्या तरुणांची कथाही याहून फार वेगळी नाही. त्यांच्याकडे आरोग्य विमा असतो, एवढाच काय तो फरक.

विम्याचा उल्लेख आलाच आहे तर आपल्या व्यवस्थेतील एका मोठ्या विसंगतीकडेही पाहावे लागेल. आपली बहुतेक विमा योजना माणूस खाटेवर पडल्यावर जागी होते. राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली जनआरोग्य योजना, तसेच २०१८ ची आयुष्मान भारत योजना या दोहोंनी असंख्य गरीब कुटुंबांना कर्जाच्या खाईतून वाचवले आहे, याबद्दल शंका नाही. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मानचे कवच मिळाले, हेही स्वागतार्ह. पण या योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत. हृदयाला स्टेंट बसवायचा असेल तर पैसे मिळतात. ज्या चाचणीने आणि ज्या गोळीने तो स्टेंट टाळता आला असता, तिचा खर्च ज्याचा त्याने करायचा! डायलिसिस योजनेत बसते. मूत्रपिंड बिघडू लागल्याचे पहिल्याच टप्प्यात सांगणारी लघवीची स्वस्त तपासणी कोणी करून घेतली का, हे विचारणारे कोणी नसते. ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्येच दाखवून दिले आहे, की साखरेचे नियंत्रण चांगले ठेवले तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांची हानी लक्षणीय कमी होते. म्हणजे ज्ञान आहे, औषध आहे. जनऔषधी केंद्रांची संख्या १५ हजारांच्या पुढे गेली आहे आणि मधुमेहाची मूलभूत गोळी तिथे अत्यल्प दरात मिळते. मार्च २०२५ मध्ये एका महत्त्वाच्या नव्या औषधाचे पेटंट संपताच देशी कंपन्यांनी त्याची किंमत किती खाली आणली, हेही सर्वांनी पाहिले. उणीव आहे ती सातत्याची. गोळी चालू, बरे वाटले, गोळी बंद. पुन्हा त्रास, पुन्हा चालू. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात ज्यांचे डोळे आणि जबडे हिरावून घेतले, त्यांत अनियंत्रित साखरेचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. एवढी भीषण सूचनाही वर्षभरात विसरली गेली.

औषध बंद करण्यामागे केवळ विसरभोळेपणा नसतो. 'मधुमेह मुळापासून बरा' अशा जाहिरातींचा सुळसुळाट त्याला जबाबदार आहे, आणि या जाहिराती बहुधा आपल्याच परंपरेची वस्त्रे नेसून येतात. येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. प्रमेहाचे वीस प्रकार वर्णन करणारे, अतिनिद्रा, बैठे सुख आणि दही-गुळाच्या पदार्थांचे अतिसेवन यांकडे बोट दाखवणारे चरकाचार्य. जन्मजात आणि अपथ्यामुळे जडलेला असा भेद करणारे सुश्रुताचार्य. यांचा प्रत्येक भारतीयाला सार्थ अभिमान वाटावा. पण ज्या ऋषितुल्य वैद्यांनी डोळसपणे निरीक्षण करून रोगाचे भेद मांडले, त्यांच्या नावाने इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाचे इन्सुलिन बंद करायला लावणे हा त्यांच्या परंपरेचा अपमान आहे. इन्सुलिनअभावी अशा मुलाच्या रक्तात आम्ल साचते आणि काही दिवसांत ते अतिदक्षता विभागात पोहोचते. कोणताही प्रामाणिक वैद्य असा सल्ला देत नाही. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने निषिद्ध आहे. स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनीच अशा भामट्यांविरुद्ध सर्वप्रथम तक्रार नोंदवली पाहिजे.

आत्मपरीक्षण आणखी पुढे नेले पाहिजे. आपल्या उपवासाच्या ताटाकडे पाहावे. इंद्रियनिग्रहासाठी सांगितलेल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ आणि वर शिंगाड्याचा शिरा! पिष्टमय पदार्थांची अशी मेजवानी भरल्या दिवशीही होत नाही. त्यात सकाळची गोळी घेतलेली आणि फराळ दुपारी दोनला. म्हणजे आधी साखर घसरते आणि मग उसळते. शास्त्राने रोगी, वृद्ध, बालक आणि गर्भिणी यांना व्रतातून सूट दिली आहे, हे घरातील कर्त्या स्त्रीला पुरोहिताने आणि डॉक्टरने, दोघांनीही सांगायला हवे. नवरात्रात नऊ दिवस निराहार राहणाऱ्या मधुमेही मातेने आपल्या औषधाच्या वेळा आणि मात्रा आधी बदलून घेतल्या नाहीत, तर अष्टमीला तिला दवाखान्यात न्यावे लागते आणि साऱ्या घराचा उत्सव ओसरतो.

सामाजिक कार्यात बुडालेल्यांचे काय? सूर्यनमस्कार, दंड, खेळ, पहाटेची नियमितता यांचा संस्कार लाभलेली पिढी पन्नाशीनंतर 'दायित्व' घेते आणि मैदानावरून बैठकीत जाते. प्रवासात दिवसाला आठ घरी आठ चहा, प्रत्येक ताटात आग्रहाची जिलबी, रात्री अकराला संपणारी बैठक आणि साडेअकराला जेवण. 'आमच्या घरचे एवढेसे नाही का घेणार?' या प्रेमळ प्रश्नाला नकार द्यायला कार्यकर्ता धजत नाही. आतिथ्य हा आपला धर्म आहे खरा. पण अतिथीला काय मानवते हे विचारणे हा त्या धर्माचाच भाग आहे. अनेक शहरांत असे निष्ठावान कार्यकर्ते आढळतील, ज्यांनी इतरांच्या रुग्णसेवेसाठी रात्री जागवल्या आणि स्वतःची तपासणी मात्र दहा वर्षांत करून घेतली नाही. हा त्याग नव्हे.

रुग्णसेवेच्या क्षेत्रात संघप्रेरित संस्थांनी उभे केलेले काम मोठे आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीने १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांना निवारा दिला आणि सवलतीच्या दरात डायलिसिस उपलब्ध करून दिले. १९७२ च्या दुष्काळात स्थापन झालेल्या जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आज महाराष्ट्रभर पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर अल्प मोबदल्यात पुरवतात. पण चाकाची खुर्ची नेणाऱ्यांत पाय गमावलेले किती आणि डायलिसिसच्या रांगेत मधुमेही किती, हा प्रश्न या केंद्रांनी स्वतःलाच विचारावा. ज्या हाताने खुर्ची द्यायची, त्याच हाताने ती न लागण्याची व्यवस्था करता येईल. साहित्य केंद्रात एक ग्लुकोमीटर, पायाची संवेदना तपासणारा साधा नायलॉनचा धागा आणि आठवड्यातून दोन तास देणारी एक निवृत्त परिचारिका एवढ्यावर वस्तीतील शंभर मधुमेहींची नोंदवही चालू शकते. कोणाची गोळी संपली, कोण तीन महिने तपासणीला आले नाही, कोणाच्या तळपायाला भेग पडली, हे त्या वहीत लिहिले जावे आणि जो आला नाही त्याच्या घरी कोणीतरी जावे. संपर्क हे ज्यांचे बलस्थान आहे, त्यांना हे अवघड नाही. पंचपरिवर्तनातील कुटुंब प्रबोधनात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन करावे असे सांगितले जाते. त्या ताटावरच आजी-आजोबांच्या साखरेचा विषय निघावा.

महापालिकेची जबाबदारी याने कमी होत नाही. २०२० नंतर दीर्घ काळ नवी मुंबईत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. तेव्हा आरोग्याचा प्रश्न सभागृहात विचारायलाही कोणी नव्हते. शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी अपेक्षित आहे. केंद्राने २०२३ मध्ये साडेसात कोटी रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना २०२५ पर्यंत नियमित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. त्यातील या शहराचा वाटा किती, हे नागरिकांनी विचारावे. कचऱ्याचे ओला-सुका वर्गीकरण घराघरातून करून दाखवणाऱ्या शहराला आपल्या तीन रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत रोज येणाऱ्यांपैकी मधुमेही किती आणि त्यांतले किती आधीच पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राला ठाऊक होते, एवढे दोन रकाने वाढवणे अशक्य नाही. घणसोलीचा रुग्ण वाशीला बेशुद्ध होऊन आला, तर दुसऱ्या दिवशी घणसोलीच्या केंद्रातील परिचारिकेच्या दूरध्वनीवर त्याचे नाव गेले पाहिजे. अन्यथा त्याला शुद्धीवर आणून घरी पाठवायचे आणि महिन्याने पुन्हा स्ट्रेचरवर घ्यायचे, हेच चालू राहील.

धर्मादाय रुग्णालयांविषयी असलेले अज्ञानही दूर व्हायला हवे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांतील दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव आहेत. तातडीच्या प्रसंगी आधी दाखल करून घेऊन प्राण वाचवणारे उपचार देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर प्रत्येक डॉक्टरवर, मग तो शासकीय असो वा खासगी, प्राण वाचवण्याचे कर्तव्य सोपवले आहे. रात्री दोन वाजता अनामत रकमेसाठी दागिने मोडायला निघालेल्या कुटुंबाला हे कोणी सांगत नाही. आपल्या परिसरातील कोणती रुग्णालये न्यासांची आहेत, तेथील समाजसेवा अधिकारी कोठे बसतो, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला कोठे दाखवायचा, याची एक पानी माहिती प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर लावता येईल. त्याच फलकाच्या कोपऱ्यात १०८ हा क्रमांक आणि साखर उतरल्याची लक्षणे मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत लिहावीत, कारण रात्रपाळीचा पहारेकरी बहुधा हिंदीच वाचतो आणि दार उघडायला तोच पहिला धावतो.